टायरवरचे चार आकडे

(वायोमिंगमध्ये महामार्गालगतचं डार्लाचं टायर-दुरुस्तीचं आवार; मर्ल आणि आर्लिस ट्वेट हे म्हातारे नवरा-बायको टायर फुटलेला राहायचा ट्रेलर तिच्या मागून लंगडत इथवर घेऊन आले आहेत.)

डार्ला : पुन्हा वाचते. चाळीस, चौदा.

मर्ल : आधी नीट पूस. चिखल असेल त्याच्यावर.

डार्ला : पुसलंय, मिस्टर ट्वेट. वीस वर्षं हेच करतेय मी. चौदा सालचा चाळिसावा आठवडा. कारखान्यातून बाहेर पडून दहा वर्षं उलटून गेलीत ह्या टायरला. आणि फुटला तो एकच असला, तरी उरलेले तिन्ही त्याचेच भाऊ आहेत. सगळ्यांवर तोच आकडा.

मर्ल : नक्षी बघ की त्यांची! नव्यासारखी आहे.

डार्ला : असणारच. ट्रेलर वर्षातले दहा महिने अंगणात उभा. झिजणार कधी? ट्रेलरचा टायर झिजून जात नाही, म्हातारा होऊन जातो. रबर आतून वाळतं, वरून कळत नाही. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही देखणी असू दे, काढून टाकायचा.

आर्लिस : हे त्याला नको सांगूस, बाई. हे सगळं त्यानंच मला शिकवलंय. गाई विकल्यापासून नऊ वर्षं ट्रेलर घेऊन फिरतोय आम्ही. दर वसंतात हा गुडघ्यावर बसून टायरवरचे आकडे वाचतो. हा ट्रेलर तर गेल्या वर्षीच शेजारच्या ऑर्व्हिलच्या बायकोकडून घेतला, म्हणून यंदा जास्तच तपासला. हो ना रे मर्ल?

मर्ल : तपासला.

आर्लिस : अर्धा तास खाली होतास विजेरी घेऊन. वर आलास आणि म्हणालास, वीस सालचे आहेत, यंदाचं वर्ष निघेल.

मर्ल : चुकलं असेल वाचण्यात.

आर्लिस : तुझं? गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर तू ट्रॅक्टरवर बसून वाचायचास.

डार्ला : होतं कधीकधी. आकडे बारीक असतात, त्यात काळ्यावर काळे. मिस्टर ट्वेट, एक काम करा. मी ह्या शाबूत चाकाला हवेचं मीटर लावते. काटा कुठं येतो तेवढं सांगा मला.

मर्ल : चष्मा गाडीत राहिला.

आर्लिस : मर्ल, चष्मा तुझ्या नाकावर आहे.

मर्ल : वारा किती सुटलाय. धूळ जाते डोळ्यात.

डार्ला : हे बघा, मला काही तुमच्या घरात नाक खुपसायचं नाहीये. पण एक विचारू? तुम्ही इथून चौदा मैल मागे एका मोठ्या फलकाखालून आलात. पिवळी अक्षरं, पुरुषभर उंचीची. पुढे वादळी वारा, हलके ट्रेलर इथेच थांबवा. तो असताना तुम्ही पुढे आलात कसे?

आर्लिस : थांब. मी त्या वेळी विणत होते. मान वर करेपर्यंत फलक मागे गेला. मी विचारलं, काय होतं रे? तू म्हणालास, काही नाही, रस्त्याचं काम.

मर्ल : हं.

आर्लिस : आणि कॅस्पर गावातल्या हॉटेलात मेनू माझ्याकडे सरकवलास. म्हणालास, आज तूच निवड. मला वाटलं, म्हातारपणी माझे लाड चाललेत!

मर्ल : लाडही होतेच की.

आर्लिस : मर्ल ट्वेट, माझ्याकडे बघ. किती दिसतं तुला?

मर्ल : कडेचं सगळं दिसतं. कुंपण दिसतं, ढग दिसतात. मधलंच जातं. जिथं बघावं तिथं नेमका डाग पडतो. काचेवर ओला अंगठा उमटावा तसा.

आर्लिस : कधीपासून?

मर्ल : एका डोळ्याला दोन वर्षं झाली. दुसऱ्याला नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास सुरू झालं.

आर्लिस : डॉक्टर?

मर्ल : फेब्रुवारीत गेलो होतो. मायनॉटला.

आर्लिस : फेब्रुवारीत तू मायनॉटला बॅटरी आणायला गेला होतास.

मर्ल : बॅटरीही आणली.

आर्लिस : काय म्हणाले ते?

मर्ल : म्हणाले, वाढेल. हळू वाढेल, पण थांबणार नाही. आणि गाडी… गाडी चालवू नका म्हणाले.

आर्लिस : उफ्फ दा, काय हे.

डार्ला : मी जरा आत जाऊन कॉफी ठेवते.

आर्लिस : तू कुठं जाऊ नकोस. थांब इथंच. तू गेलीस तर मी ह्याला तुझ्याच पान्यानं मारीन. नऊशे मैल, मर्ल! फेब्रुवारीत डॉक्टर नाही म्हणतो आणि जूनमध्ये तू मला शेजारी बसवून नऊशे मैल येतोस!

मर्ल : सरळ रस्ता आहे. पांढरी रेघ कडेला असते, ती दिसते मला.

आर्लिस : टायर फुटला तेव्हा मागं कोण होतं माहीत आहे?

मर्ल : कोणी नव्हतं.

आर्लिस : निळी गाडी होती. मी आरशात पाहिली. टायरचा पट्टा सुटून उडाला तो तिच्या टपावरून गेला. मागच्या सीटवर दोन मुलं होती, मर्ल. एकाच्या डोक्यावर लाल टोपी होती. एवढं मला दिसलं आणि तुला आख्खी गाडी दिसली नाही.

मर्ल : खरंच नाही दिसली, आर्लिस.

डार्ला : बसा, मिस्टर ट्वेट. ह्या डब्यावर बसा, पक्का आहे. त्या गाडीला काही झालं नाही. तुमचा फोन आल्यावर मी तुम्हाला आणायला निघाले, तेव्हा ती समोरून येताना मी पाहिली. मुलांनी हात केला मला.

मर्ल : नक्की?

डार्ला : नक्की. लाल टोपी पण होती.

आर्लिस : मला सांगितलं का नाहीस? एवढंच सांग. पन्नास वर्षं होतील आता आपल्या लग्नाला. माझी गाठ निघाली तेव्हा मी त्याच संध्याकाळी तुला सांगितलं होतं. दूध काढता काढता सांगितलं होतं.

मर्ल : सांगितलं असतं तर निघालो असतो का आपण?

आर्लिस : नसतो निघालो.

मर्ल : मग? इव्हर एल्कोला आहे. एकटा. छातीचं दुखणं घेऊन त्या कोरड्या हवेत जाऊन राहिलाय. अकरा वर्षांत भेट नाही. फोनवर दर रविवारी आवाज ऐकतो मी त्याचा, आवाज काही पळून जात नाही. पण चेहरा… डॉक्टर म्हणाले हळू वाढेल. हळू म्हणजे किती ते कोणी सांगत नाही. मी म्हटलं, एकदा नीट बघून येऊ भावाला. मग किल्ल्या देऊन टाकीन, गाडी विकीन, तुम्ही म्हणाल त्या खुर्चीत बसेन.

आर्लिस : आणि त्याला बघायच्या आधी आपण दोघं ह्या वायोमिंगच्या माळावर आडवे झालो असतो तर?

मर्ल : ते मी मनात येऊ दिलं नाही.

डार्ला : मिस्टर ट्वेट, मी सरळच सांगते. चारही टायर बदलून देते, स्टेपनीसकट पाच. रॉलिन्सहून उद्या सकाळी येतील. पण तुम्ही चालवत असाल तर मी ट्रेलरच्या चाकाखाली अडवलेली ठोकळी काढणार नाही.

मर्ल : तू कोण मला अडवणारी?

डार्ला : ह्या रस्त्याच्या कडेला राहणारी बाई. इथं ट्रेलर उलटला की मला बोलावतात. गाद्या, कपबश्या, कुणाची औषधं, कुणाच्या नातवंडांचे फोटो, सगळं गवतात पसरलेलं असतं आणि ते मी गोळा करते. तुमचं गोळा करायची माझी इच्छा नाही. तुमचा चेहरा बघितलाय मी आता.

मर्ल : …ट्रेलर ठेव इथंच. विकून टाक. आम्ही बसनं घरी जातो.

आर्लिस : कोण जातं घरी? मी चालवते.

मर्ल : तू?

आर्लिस : मी.

मर्ल : तू कधी ट्रेलर ओढलायस?

आर्लिस : तू कधी ओढू दिलास? नऊ वर्षं उजव्या सीटवर बसून मी अठरा स्वेटर विणले! सुगीत गव्हाचा ट्रक कोठारावर कोण न्यायचं? तुझी आई?

मर्ल : ट्रक वेगळा. त्याच्यामागं वाऱ्यावर डोलणारं घर नसतं.

डार्ला : भरलेला ट्रक?

आर्लिस : काठोकाठ. सव्वीस सुग्या. एकदा गारांच्या पावसात.

डार्ला : झालं तर मग. मी असल्यांना शिकवलंय ज्यांनी आयुष्यात भाजीच्या टोपलीपेक्षा मोठं काही वाहिलं नव्हतं. तुमचा हात जड गाडीवर बसलाय, ब्रेक लागायला वेळ लागतो हे तुमच्या पायाला ठाऊक आहे. फुटलेल्या जागी तात्पुरती स्टेपनी लावते, उरलेलं आपण आजच्या आज इथं आवारात करू. वारा उद्या पहाटेपर्यंत पडत नाही, तेव्हा घाई कुणालाच नाही.

आर्लिस : शिकव.

डार्ला : मी कशाला? पहिला धडा ह्यांनाच विचारू. मिस्टर ट्वेट, आज टायर फुटला तेव्हा काय केलंत?

मर्ल : काय करणार? धरून ठेवलं.

डार्ला : नीट सांगा. एकेक.

मर्ल : धाडकन आवाज झाला. ट्रेलर उजवीकडे ओढायला लागला, मग शेपूट हलवायला लागला. डावीकडं, उजवीकडं, दर वेळी जास्त. ही ओरडली, ब्रेक मार!

आर्लिस : कुणीही ओरडलं असतं.

मर्ल : मी ब्रेक मारला नाही. पिकअपचा ब्रेक मारला की ती थांबते आणि मागचं घर तिच्या अंगावर येतं. स्टिअरिंग सरळ धरलं. ट्रेलरशी भांडत बसायचं नाही, तो डावीकडं गेला म्हणून आपण उजवीकडं वळवायचं नाही. पाय हळूहळू वर घेतला. आणि ट्रेलरच्या ब्रेकची ती वेगळी दांडी असते ना डॅशबोर्डखाली, ती बोटानं थोडीशी दाबली. नुसत्या ट्रेलरची चाकं धरली की तो मागं ताणला जातो. सरळ होतो.

डार्ला : ऐकलंत, आर्लिस? दहातले आठ जण ब्रेकवर उभे राहतात. हे राहिले नाहीत. म्हणून आता तुम्ही ह्यांच्यावर ओरडू शकताय.

आर्लिस : मला वाटलं, हा घाबरून नुसता बसून राहिलाय.

मर्ल : घाबरलो होतो. बसून मात्र राहिलो नव्हतो.

डार्ला : आता ट्रेलर इतका का हलला ते बघू. नुसत्या टायरनं एवढा हलत नाही. मागचं मोठं कपाट उघडते हं. अरे देवा. हे काय आहे?

आर्लिस : जेली. चोकचेरीची, रानातली आंबट फळं असतात ना, त्यांची. इव्हरला आवडते.

डार्ला : बाटल्या किती?

आर्लिस : चोवीस. आणि खाली मांसाचे डबे. आणि बिडाची मोठी कढई. तिथं रिकामी जागा होती ना!

डार्ला : मागची पाण्याची टाकी पण काठोकाठ भरलेली दिसतेय.

आर्लिस : ती पण मीच भरली. वाटेत पाणी कसं असेल कुणाला माहीत.

डार्ला : वजन सगळं चाकांच्या मागं टाकलंत की पुढचा जोड हलका होतो, वरच्या वर उचलल्यासारखा. मग एक ट्रक शेजारून गेला तरी घर नाचायला लागतं. जड सामान चाकांच्या वर आणि थोडं पुढं, खाली जमिनीलगत. मागं फक्त उशा आणि पांघरुणं. पाणी लागेल तेवढंच, बाकी मुक्कामाला पोचून भरायचं.

मर्ल : मी काही बोललो नाही हं.

आर्लिस : बोलू पण नकोस.

मर्ल : भरताना मी पाहिलं असतं तर सांगितलं असतं. पाहिलं नाही.

आर्लिस : …मला विचारायला हवं होतंस, मर्ल. मी काय भरतेय, कुठं भरतेय, ते नुसतं विचारलं असतंस तरी मी सांगितलं असतं.

मर्ल : हो. विचारायला हवं होतं.

डार्ला : चला, त्या बाटल्या पुढं आणू. मग बसा तुम्ही पिकअपमध्ये. आधी मागं घ्यायला शिकवते, पुढं जाणं आपोआप येतं. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. वर नाही, खाली. ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला जायला हवी, त्याच बाजूला हात सरकवा. बस. डोकं लावू नका.

आर्लिस : डावीकडं… गेला की! अरे, हा गेला डावीकडं!

मर्ल : हळू. आता सोड. जास्त वळवलंस की मध्ये घडी पडते त्याची.

आर्लिस : दिसत नाही तर तुला कसं कळलं मी जास्त वळवलं?

मर्ल : खडीवर चाकं घासल्याचा आवाज येतो. ऐक ना. तो बघ. सरळ घे, पुढं जा, पुन्हा कर.

डार्ला : चुकलं की थांबायचं, पुढं जायचं, पुन्हा यायचं. त्यात लाज नाही. लाजेपायी कोपऱ्यातलं झाड पाडलेले लोक पाहिलेत मी.

मर्ल : ते मला ऐकवतेयस का?

डार्ला : झाडाला ऐकवतेय.

आर्लिस : मर्ल, हसतोयस ना? हस. आता मी पुन्हा घेते मागं.

डार्ला : छान. छान. थांबा. आता उतरा, ट्रेलर सोडा आणि पुन्हा जोडणी करा. इथं खरं तर चार डोळे लागतात.

मर्ल : जोडणी मला करू दे.

आर्लिस : मर्ल.

मर्ल : ऐकून घे. गाडीच्या मागच्या गोळ्यावर ट्रेलरचा कप नीट बसला की नाही ते मी कधीच डोळ्यांनी बघितलेलं नाही. कुणी बघूच शकत नाही, ते आत असतं. खालून बोट घालून बघायचं. डार्ला, सांग हिला.

डार्ला : खरं आहे. वरून कडी लागलेली दिसते आणि आत गोळा अर्धाच असतो.

मर्ल : हे बघ. बोट आत जात नाही, म्हणजे पूर्ण बसलाय. कडी खाली. पिन आरपार. आता साखळ्या. डावी उजवीकडं, उजवी डावीकडं, खाली फुली झाली पाहिजे. जोड सुटला तर त्या फुलीत ट्रेलरचा दांडा झेलला जातो, रस्त्यावर आपटत नाही. ही बारीक तार वेगळी. ट्रेलर पार निसटला तर ही ओढली जाऊन त्याचे ब्रेक लागतात. ही साखळीला बांधायची नाही, गाडीला बांधायची.

आर्लिस : आणि मागचे दिवे?

मर्ल : ते तू बघ. ते मला जमणार नाही.

आर्लिस : मी बघते. टायरवरचं पण मी वाचेन. हवेचा काटा मी वाचेन, चाकं गार असताना, रोज सकाळी. फलक मी वाचेन. तू हातानं कर, मी डोळ्यांनी करते. आणि दोघांनी मोठ्यांदा बोलायचं. मनातल्या मनात काही नाही.

मर्ल : काही नाही.

आर्लिस : बॅटरी आणायला गेलो, असलं काही नाही.

मर्ल : म्हटलं ना, नाही.

डार्ला : आता ठेवू का कॉफी?

आर्लिस : ठेव. आमच्याकडं बटाट्याची लेफ्सं आहेत, पातळ पोळ्याच म्हण, साखर-लोणी लावून देते. तेवढं मागच्या कपाटात नाही, मांडीवर घेऊन बसले होते.

(दुसऱ्या दिवशी सकाळ. वारा पडला आहे. नवे टायर चढले आहेत. आर्लिस स्टिअरिंगवर, मर्ल शेजारच्या सीटवर, डार्ला खिडकीशी उभी.)

डार्ला : पन्नास मैलांवर थांबायचं आणि चाकांचे नट पुन्हा आवळायचे. नव्या टायरचे नट सैल होतात. समोरासमोरचे, एक सोडून एक.

आर्लिस : आवळीन.

डार्ला : पंचावन्नच्या वर जाऊ नका. मागं रांग लागली तर लागू दे. आणि फलक दिसला, थांबा म्हणाला, तर थांबा.

मर्ल : आता वाचणारी आहे गाडीत. चल, येतो आम्ही. डार्ला, काल मी तुला तू कोण म्हणालो.

डार्ला : म्हणालात.

मर्ल : चुकलं माझं.

डार्ला : जा आता. भाऊ वाट बघत असेल.

आर्लिस : आरसा. दिवे. साखळ्या तू बघितल्यास. निघते हं, मर्ल.

मर्ल : नीघ.

आर्लिस : …जड आहे रे.

मर्ल : आहे. महामार्गावर लागलीस की वेग हळूच वाढव. पुढच्या गाडीपासून लांब राहा, आणखी लांब. आता कसं वाटतं?

आर्लिस : ट्रकपेक्षा बरं. ट्रकला तू शेजारी नव्हतास.

मर्ल : हे चांगलं आहे की वाईट?

आर्लिस : मी अजून रागावलेय.

मर्ल : माहीत आहे.

आर्लिस : एल्कोपर्यंत रागावणार आहे. तिथून पुढचं नंतर बघू.

मर्ल : रागाव. इव्हरला आपण सांगायचं का, माझं हे?

आर्लिस : पहिल्यांदा तेच सांगायचं.

मर्ल : त्याच्याकडं बघायचं तर मला त्याच्या कानाकडं बघावं लागेल. तेव्हा कुठं चेहरा कडेनं दिसेल. म्हणेल, अकरा वर्षांनी आला आणि माझ्या कानाशी बोलतोय.

आर्लिस : त्याचे कान तसेही चेहऱ्याएवढेच आहेत.

मर्ल : हा! आहेत खरे. बाबांचे कान.

आर्लिस : हसलास की गाडी हलते, गप बस.

मर्ल : आर्लिस, डावीकडं काहीतरी हललं. कडेला. तपकिरी.

आर्लिस : हरणं आहेत. कुंपणापलीकडं. उभी राहून आपल्याकडंच बघतायत.

मर्ल : किती आहेत?

आर्लिस : मोजू, का गाडी चालवू?

मर्ल : गाडी चालव. मी नऊ धरतो.